पुण्यातला उकाडा कधी उतरणार? गुरुवारचा अंदाज कितपत धरायचा?

तिसरा मजला | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

धनकवडीत तिसऱ्या, म्हणजे इमारतीतल्या शेवटच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट स्लॅब. आत्ता पावणेबारा व्हायला आलेत आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर इस्त्री केलेल्या कापडासारखी गरम लागतेय. दुपारचं ऊन एक वेळ सोसतं, पण ही रात्र सोसत नाही.

आई ७९ वर्षांची आहे. गेले दहा दिवस ती पलंग सोडून हॉलमध्ये फरशीवर चटई टाकून झोपते. खाली जरा गार लागतं म्हणते. गुडघे दुखतात, त्यामुळे पहाटे तिला दोन्ही हातांनी धरून उठवावं लागतं. रात्रीतून तीनचारदा पदर ओला करून मानेवर ठेवताना दिसते. मला काही म्हणत नाही, पण मला झोप लागत नाही.

मोबाइलवर बुधवारपर्यंत ३९-४० दाखवतंय, गुरुवारी ढग आणि वीज, शुक्रवारी एकदम ३५. मागच्या आठवड्यातही असंच होतं. आभाळ भरून आलं, वारा सुटला, आणि आमच्याकडे एक थेंब नाही. हा अंदाज किती धरायचा? आणि पाऊस पडला तर घर खरंच गार होईल का? माहीतगारांनी कृपया सांगा. तोवर आईसाठी काय करता येईल तेही सांगा.

---

चहाबाज | सोमवार, रात्री ११:५८

हडपसरला अगदी हेच. गॅलरीत बसलोय, झाडाचं पान हलत नाही.

---

आडवा वारा | मंगळवार, सकाळी ७:२०

आईंची काळजी वाटणं साहजिक आहे. तिकडे येतोच, आधी अंदाजाचं बघू.

मी हवामान निरीक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. गैरसमज कुठे होतो ते सांगतो. मोबाइलवरचं ते ढगाचं चित्र म्हणजे संगणकाने तुमच्या परिसराच्या चौकोनापुरतं काढलेलं गणित. वेधशाळेचा जिल्ह्याचा अंदाज वेगळा. त्यात शब्द मोजूनमापून वापरलेले असतात आणि लोक नेमके तेच शब्द वगळून वाचतात.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५, आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. मे महिन्यात पुणे जिल्ह्यासाठी बहुतेक वेळा 'तुरळक ठिकाणी' असंच लिहिलेलं असतं. म्हणजे चार केंद्रांतल्या एका ठिकाणी पाऊस झाला आणि तीन कोरडी राहिली, तरी अंदाज बरोबर आला. मागच्या आठवड्यात तुम्ही त्या तिनांत होतात. कात्रजला धो धो आणि स्वारगेटला कोरडं हे वळवाच्या बाबतीत नेहमीचंच आहे. एक गडगडाटी ढग पाचदहा किलोमीटरचा, त्याचं आयुष्य तास-दीड तासाचं. तो नेमका कुठल्या पेठेवर फुटेल हे तीन दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही. तीन दिवस आधी एवढंच कळतं की हवा ढग फुटण्याजोगी होणार आहे की नाही. नेमकी जागा कळते ती रडारवर ढग दिसल्यावर. म्हणून वेधशाळा पुढच्या तीन तासांपुरता तात्काळ इशारा वेगळा देते. गुरुवारी दुपारी तो बघा.

आणखी एक. 'पुण्याचं तापमान' म्हणून पेपरात येतं ते शिवाजीनगरचं. सिमला ऑफिसचा चौक सगळ्यांना ठाऊक असतो, पण नाव कुठून आलं ते पुष्कळांना माहीत नसतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते सिमला ऑफिस. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव राहिलं. वेधशाळेत तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, खाली माती किंवा गवत, चहूबाजूंनी हवा खेळती. तो सावलीतल्या हवेचं तापमान सांगतो. तुमच्या स्लॅबचं नव्हे. शिवाजीनगरला ३९ असताना तुमच्या गच्चीवर अनवाणी उभं राहता येणार नाही.

घर गार होण्याबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. आत्ता बँकेत जायचंय, ऊन चढायच्या आत परत यायचं आहे.

---

पूर्वेकडचा | मंगळवार, सकाळी ९:०५

काका, 'तुरळक'चा असा मोजका अर्थ आहे हे आज कळलं. इतकी वर्षं मी 'पडला तर पडला' असंच समजत होतो.

मी मगरपट्ट्याजवळ राहतो. या भागातले आकडे शिवाजीनगरपेक्षा बऱ्याचदा चढे असतात. विशेषतः किमान तापमान. आमच्याकडे पहाटेसुद्धा खिडकीतून येणारी हवा कोमट असते. पाषाणची बहीण म्हणते, पहाटे पांघरूण लागतं. एकाच शहरात एवढा फरक?

---

टेकडीवाली | मंगळवार, सकाळी ९:४०

तुमच्या बहिणीचं खरं आहे. मी पाषाणलाच, टेकडीच्या पायथ्याशी. आमच्याकडे मोकळी माती आहे, झाडी आहे. सूर्य मावळला की जमीन भराभर निवते आणि टेकडीवरची गार हवा खाली उतरते. तुमच्याकडे काँक्रीट, डांबर आणि उंच इमारती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते बाहेर टाकतात. त्यात हजारो एसींची गरम हवा. दुपारी दोन्हीकडे फरक थोडाच असतो, पहाटे मात्र चांगला जाणवतो.

तिसरा मजला, गच्चीला चुना मारलाय का? नसेल तर आजच मारा. आम्ही तीन वर्षांपासून मारतोय. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून घ्यायचा, त्यात थोडा फेव्हिकॉल घालायचा म्हणजे धरून राहतो, आणि दोन हात द्यायचे. चुना भिजवताना उकळतो, तेव्हा तोंड लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. प्लॅस्टिकची बादली घेऊ नका. गुरुवारपर्यंत कोरडं म्हणतायत तर चुना वाळायला दोन दिवस मिळतील.

---

तुळशीकट्टा | मंगळवार, सकाळी ११:१५

माझा प्रश्न वेगळा आहे, पण याच धाग्यावर विचारते. मी सदाशिव पेठेत राहते आणि दरवर्षी गव्हाच्या कुरडया करते, घरच्यापुरत्या आणि चार ओळखीच्यांच्या ऑर्डरी. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर तो खाली बसू द्यायचा, पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि सोऱ्याने घालायच्या. मग दोन दिवस कडक ऊन लागतं. म्हणजे आज गहू भिजवले तर कुरडया शनिवारी गच्चीवर येणार. पाच किलो गहू आहेत. ऊन नसेल तर चीक आंबतो, कुरडई काळी पडते, सगळं वाया.

आडवा वारा काका, भिजवू की थांबू?

---

आडवा वारा | मंगळवार, दुपारी १२:१०

ताई, थांबा. पाच दिवसांपुढचा वळवाचा अंदाज कुणी छातीठोकपणे देऊ शकत नाही. पण सध्या विदर्भाकडून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा आहे आणि त्यात दोन्ही समुद्रांकडून बाष्प येतंय. असा पट्टा असेपर्यंत दुपारनंतर ढग येणार. दोन दिवस सलग कडक ऊन मिळेलच असं मी म्हणणार नाही. एका दिवसात वाळेल असं काही असेल तर उद्या करून घ्या.

---

तुळशीकट्टा | मंगळवार, दुपारी १२:३०

मग उद्या बटाट्याचा कीस घालते. सकाळी सातला गच्चीवर टाकला की संध्याकाळी कुरकुरीत होतो. गहू डब्यातच राहू देते. आभारी आहे काका.

अवांतर: हवेत दमटपणा आलाय हे मला माठ सांगतो. चैत्रात माठातलं पाणी दात दुखतील इतकं गार असतं. चारपाच दिवस झाले, माठ तोच, जागा तीच, पण पाणी नुसतं साधं लागतंय. माठ जुना झाला म्हणून लोक टाकून देतात. त्यात माठाचा दोष नसतो. हवेतच ओल आली की त्याच्या अंगावरचं पाणी वाळत नाही आणि आतलं पाणी गार होत नाही.

---

पांढरा डगला | मंगळवार, दुपारी १:४५

तिसरा मजला, मी डॉक्टर आहे. आईंबद्दल लिहितो.

वय वाढलं की तहान उशिरा लागते. त्यांना तहान लागायची वाट बघू नका, दर तासाला थोडं थोडं द्या. पाणी, ताक, पन्हं, पेज, जे आवडेल ते. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र त्यांनाच विचारा. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण उन्हाळ्यात डोस बदलायचा का हे एका फोनवर विचारता येतं.

रात्री झोपण्याआधी हातपाय आणि मान ओल्या फडक्याने पुसा आणि मग पंख्याखाली झोपवा. ओल्या अंगावर पंख्याचा उपयोग होतो, कोरड्या अंगावर गरम हवा फिरवून फार होत नाही. फरशीवर झोपायला हरकत नाही, पण उठताना पडण्याची भीती आहे. चटईशेजारी एक जड खुर्ची टेकून ठेवा, म्हणजे धरून उठता येईल.

आणि हे लक्षात ठेवा: अंग भट्टीसारखं तापलंय, बोलणं असंबद्ध होतंय, माणूस ओळखत नाही, गुंगी आहे, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. अंगावर पाणी शिंपडत, वारा घालत थेट रुग्णालय गाठा. रात्र असली तरी. अशा लाटांमध्ये वयस्कर माणसाला खरा धोका रात्रीच्या उकाड्याचा असतो, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला निवायची संधीच मिळत नाही.

---

तिसरा मजला | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. खुर्ची ठेवली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक गोळी अर्धी करायला सांगितली. चुना भिजत घातलाय, उद्या सुट्टी टाकून पहाटे मारतो. काका, घर गार होण्याबद्दल लिहिणार होतात.

---

आडवा वारा | मंगळवार, रात्री १०:१५

हो, तेच लिहायला बसलो होतो.

पुण्यातला उन्हाळा एका झटक्यात उतरत नाही. तो दोन प्रकारांनी उतरतो आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रकार वळीव. दुपारी तापलेली हवा वर चढते, ढगाचा मनोरा होतो, त्यातून थेंब पडू लागतात. खालची हवा कोरडी असल्यामुळे बरेचसे थेंब वाटेतच वाळतात. पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं. ती गार झालेली हवा जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. पाऊस यायच्या आधी धूळ उडवत येणारं ते गार वारं म्हणजे हीच हवा. माठ जे काम करतो तेच काम, फक्त आभाळाएवढं. अर्ध्या तासात पारा दहा अंशांनी उतरू शकतो. पण ही गारवाई उसनी असते. ढग ओसरला, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की पारा परत चढतो, वर ओलीमुळे उकाडा वाढतो.

दुसरा प्रकार वाऱ्याचा. समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत साधारण १०० किलोमीटर. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचं वारं घाट चढून संध्याकाळी पुण्यात पोचतं. जुने पुणेकर उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी पर्वतीवर जाऊन बसत ते याच वाऱ्यासाठी. एप्रिलमध्ये ते अशक्त असतं, उशिरा येतं, एखाद दिवशी येतच नाही. मेच्या शेवटी अरबी समुद्रावरचे पश्चिमेचे वारे जोर धरतात. मग वारं दुपारीच येतं, रात्रभर टिकतं, सोबत खालचे करडे ढग आणतं. घर गार होतं ते या वाऱ्याने. त्या दिवशी कमाल तापमान कदाचित दोनतीन अंशांनीच उतरलेलं असेल, पेपरात बातमीसुद्धा येणार नाही. पण स्लॅब रात्री निवायला लागतो.

तेव्हा अंदाजात फक्त कमाल आकडा बघू नका. वाऱ्याची दिशा आणि किमान आकडा बघा. वारा पश्चिम किंवा नैर्ऋत्य, वेग वाढता, आणि किमान उतरता असं सलग तीन दिवस दिसलं की समजा, तुमच्या आईंना झोप लागणार.

---

काळी माती | बुधवार, सकाळी ६:३०

राम राम. पुरंदरहून लिहितोय. काका, सगळं पटलं, पण वळवाला उसनी गारवाई म्हणालात ते आमच्या बाजूने बोलून दाखवतो. शेतकऱ्याला वळीव फार मोलाचा. एक चांगला वळीव झाला की तापलेल्या रानाची ढेकळं फुटतात, तण उगवून येतं आणि ते कुळवून काढता येतं. मशागत त्याच्यावरच. नुसता मृगावर भरवसा ठेवून चालत नाही.

तोटाही होतो. माझा कांदा अजून निम्मा रानात कापून पडलाय. बुधवारी दिवसभरात चाळीत टाकायचा म्हणून सहा माणसं लावलीत. सकाळी सहा ते अकरा आणि परत चारनंतर, मधल्या उन्हात कुणाला रानात ठेवत नाही. गुरुवारचा अंदाज चुकला तरी चालेल, पण बरोबर आला आणि कांदा भिजला तर वर्षाचं गणित गेलं.

शहरातल्या मंडळींना एक सांगणं. तुम्हाला वीज चित्रात दिसते, आम्हाला रानात गाठते. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने दामिनी नावाचं ॲप काढलंय. आपल्या आजूबाजूला २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर कळतं. आमच्या वाडीतल्या प्रत्येक घरात एकाच्या तरी फोनवर मी ते घालून दिलंय. आवाज आला की झाड सोडायचं, लोखंडी अवजार ठेवायचं, पक्क्या घरात जायचं. जनावरं झाडाखाली बांधायची नाहीत. तुम्हीपण घालून घ्या, गच्चीवर वाळवण काढायला धावता तेव्हा उपयोगी पडेल.

---

तुळशीकट्टा | बुधवार, सकाळी ७:५०

दादा, लगेच घातलं. कीस टाकून आत्ताच खाली आले. तुमचा कांदा चाळीत पोचू दे.

---

टेकडीवाली | गुरुवार, दुपारी ३:१०

आग्नेयेला ढग उभे राहिलेत. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, कडा अगदी धारदार. वरचा माथा पसरायला लागलाय.

---

काळी माती | गुरुवार, दुपारी ३:४०

सासवडकडे विजा. कांदा चाळीत आहे. काल रात्री नऊला शेवटची पाटी टाकली.

---

आडवा वारा | गुरुवार, दुपारी ३:५५

पुढच्या तीन तासांचा इशारा आलाय, जिल्ह्याला पिवळा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पिवळा आहे म्हणून हलक्यात घेऊ नका, एका ढगाखाली वारा सोसाट्याचा असू शकतो. दुचाकीवर असाल तर पक्क्या इमारतीत थांबा. फलकाखाली किंवा पत्र्याच्या टपरीच्या आडोशाला थांबू नका. किवळ्याला एप्रिल २०२३ मध्ये अशाच वादळी पावसात जाहिरातीचा सांगाडा कोसळून पाच जण गेले. पावसापासून वाचायलाच आडोशाला उभी असलेली माणसं होती ती.

---

चहाबाज | गुरुवार, दुपारी ४:२०

हडपसरला धुळीचा लोट. समोरची इमारत दिसत नाही. वीज गेली.

---

तिसरा मजला | गुरुवार, दुपारी ४:४५

आला! टपोरे थेंब. आईच्या खोलीतला तापमापक खिडकीत लटकवला होता. वारा सुटायच्या आधी ३८, आता २७. आई खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून उभी आहे. मातीचा वास इथवर आलाय.

---

तुळशीकट्टा | गुरुवार, संध्याकाळी ५:०५

पेठेत नुसतं वारं. चार थेंब. कालचा कीस डब्यात गेलाय, त्यामुळे निवांत आहे.

---

तिसरा मजला | गुरुवार, रात्री ११:२०

पाऊस वीस मिनिटं होता. पाच वाजता वाटलं, सुटलो. आता खोलीत ३३ आणि अंगाला चिकटतंय सगळं. कालपेक्षा जास्त घाम. कूलर लावला तर खोलीत ओल झाली, गार काही वाटलं नाही. आई परत चटईवरच. खरं सांगू का, फार हिरमोड झाला.

---

आडवा वारा | शुक्रवार, सकाळी ६:४५

हिरमोड होऊ देऊ नका. वीस मिनिटांच्या पावसाने स्लॅबचा वरचा पापुद्रा निवला, आतली उष्णता तशीच आहे. त्यात गच्ची, रस्ते, झाडं सगळ्यांवरचं पाणी हवेत गेलं आणि वारा पडला. हवा अशी भरलेली असताना घाम वाळत नाही. कूलरचंही तेच. तो कोरड्या हवेचा सोबती. एप्रिलभर त्याने साथ दिली असेल, आता दमट हवेत तो खोलीत आणखी ओल भरतो. बंद ठेवा, खिडक्या समोरासमोर उघडा, नुसता पंखा लावा.

आज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस शुक्रवारच्या नावावर लागेल. पर्जन्यमापकाचे २४ तास साडेआठ ते साडेआठ असतात. 'शुक्रवारी इतके मिलिमीटर' असं वाचून 'शुक्रवारी कुठे पडला' असं विचारू नका.

आता वारा बघा. रविवारपासून पश्चिमेचा जोर वाढताना दिसतोय.

---

पूर्वेकडचा | शुक्रवार, सकाळी १०:३०

म्हणजे मान्सून आला असं समजायचं का? ऑफिसात सगळे म्हणतायत, यंदा लवकर.

---

आडवा वारा | शुक्रवार, सकाळी ११:१०

नाही. कालचा वळीव होता. मान्सून केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला येतो आणि पुण्यात १० जूनच्या आसपास. २०२५ मध्ये तो केरळात २४ मेला आला आणि २६ मेला पुण्या-मुंबईत पोचला, म्हणून सगळ्यांच्या मनात तेच बसलंय. तो अपवाद होता. फरक ओळखायची माझी खूण सांगतो: वळवाचा ढग बहुधा पूर्वेकडून, दुपारनंतर, गडगडत येतो आणि जातो. मान्सूनचे ढग पश्चिमेकडून, खालून, फारसा आवाज न करता येतात आणि थांबतात.

---

काळी माती | शुक्रवार, दुपारी १२:००

२०२५ ची आठवण नको. मेमध्येच इतका पडला की रानाला वाफसाच मिळाला नाही. औत घालायला गेलो की चिखल. मशागत राहिली, पेरणी लांबली. लवकर पाऊस म्हणजे शेतकऱ्याची चैन असं शहरात वाटतं. आम्हाला वळीव, मग आठवडाभर ऊन, मग मृग असं क्रमाने लागतं.

---

टेकडीवाली | शनिवार, सकाळी ७:३०

आज टेकडीवर नवरंग ऐकला. दोन सुरांची शीळ, मग शांतता, मग परत. दरवर्षी पावसाच्या तोंडावर येतो. दिसला नाही, करवंदीच्या जाळीत होता. पावश्या तर आठवडाभर ओरडतोय. बहावा झडत आलाय.

---

तिसरा मजला | सोमवार, सकाळी ६:१०

सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांनी एवढं केलंत.

शुक्रवार-शनिवार पुन्हा ३८. पण बुधवारी मारलेला चुना कठड्याकडेचा सोडला तर पावसात टिकला. त्याचा फरक मोजलाय: आधी रात्री ११ वाजता खोलीत ३४-३५ असायचे, शनिवारी ३२ होते. कठड्याकडेला परत एक हात देणार आहे.

काल दुपारी चारच्या सुमारास गच्चीवर गेलो होतो. सिंहगडाच्या बाजूने वारं येत होतं. सोसाटा नाही, धूळ नाही, एकसारखं, थांबत नव्हतं. वाळत घातलेल्या चादरी तासभर एकाच दिशेला फुगलेल्या. काकांचं वाक्य आठवलं, खाली येऊन पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि समोरचं दार लावलंच नाही. कमाल तापमान पेपरात ३६ आलंय, म्हणजे फार काही उतरलेलं नाही. पण रात्री दहानंतर भिंतीला हात लावला तर भिंत भिंतीसारखी लागली. पहाटे पाचला खोलीत २७.

आईने काल रात्री चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली आणि स्वतः पलंगावर चादर घातली. साडेपाचला उठून बघितलं तर ती गाढ झोपलेली, पाय पांघरुणात. खुर्ची अजून तिथेच ठेवलीय, पलंगाजवळ ओढून.

तुळशीकट्टा ताई, आई विचारतेय, यंदा कुरडया होणार का? दोन किलो हव्यात म्हणते.

---

तुळशीकट्टा | सोमवार, सकाळी ७:००

वाचून फार बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा. या वाऱ्यात गव्हाच्या कुरडया वाळणार नाहीत, त्या आता पुढच्या चैत्रात. मिठाच्या बरणीत कालपासून ओल धरलीय. पण मार्चमधल्या थोड्या शिल्लक आहेत. दोन किलो नाहीत, अर्धा किलो देते, आईंच्या नावाने बाजूला काढून ठेवल्यात. बटाट्याचा कीसही देते त्यांना, उपासाला होईल. कधी येताय?

---

काळी माती | सोमवार, सकाळी ७:२५

आमच्याकडेपण वारं फिरलं. गुरुवारच्या ओलीवर आज वाफसा आलाय, ट्रॅक्टर रानात गेला. संध्याकाळी ढग दिसले तर कळवा काका, बांधावरच्या पोरांना लवकर घरी पाठवीन.